कृष्णधवल अभिरुची आणि जंगलातला माणूस

दलित साहित्याने मराठी समीक्षेला काही प्रश्न विचारायला भाग पाडले. हे कोणी लिहिले? कोणाविषयी लिहिले? ज्याच्याविषयी लिहिले तो हे वाचणार आहे काय? आणि ज्या निकषांवर याला सुंदर म्हटले जाते ते निकष कोणाच्या अंगणात वाढले? कवितेला, कथेला, आत्मकथनाला आपण हे प्रश्न विचारले आणि त्यासाठी प्रस्थापितांची पुष्कळ नाराजी पत्करली. छायाचित्राला मात्र आपण ते फारसे विचारले नाहीत. छायाचित्र म्हणजे यंत्राने टिपलेले सत्य, त्यात कसली आली भूमिका, अशी एक भाबडी समजूत आपल्याही मनात घर करून आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दर हिवाळ्यात जे कॅमेरे उतरतात त्यांच्याकडे पाहिले की या समजुतीची किंमत कोण मोजतो आहे हे कळते.

गेल्या वर्षी एका हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाने मला त्यांच्या समीक्षा-बैठकीला बोलावले. साहित्याचा शिक्षक म्हणून चार शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा. पद्धत अशी : सभासदांनी आपापली चित्रे नाव न लिहिता भिंतीवर लावायची, इतरांनी एकेका चित्रावर मोकळेपणाने बोलायचे, शेवटी परीक्षकाने गुण द्यायचे. विषय होता प्रवास आणि व्यक्तिचित्र, अट होती फक्त कृष्णधवल. चाळीसेक चित्रे होती. निम्म्याहून अधिक भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतली, काही ताडोब्याच्या वाटेवरच्या गावांतली. मंडळी वाईट नव्हती. शिक्षक होते, बँकेतले कर्मचारी होते, दोन डॉक्टर होते. आपल्या पगारातून कॅमेरे घेतलेली, सुट्टीचे दिवस खर्च करणारी, एकमेकांची चूक मनमोकळेपणी दाखविणारी माणसे. हे मुद्दाम सांगतो. मी ज्या अभिरुचीविषयी लिहितो आहे ती दुष्ट माणसांची नाही. ती सुसंस्कृत माणसांची आहे.

एका चित्रात एका वृद्ध माडिया स्त्रीचा चेहरा चौकटभर होता. कपाळावर, गालावर गोंदण. मागचा सगळा भाग काळा. चर्चेला सुरुवात झाली ती या वाक्याने : "सुरकुत्या छान आल्या आहेत." मग दुसऱ्याने उजेड डावीकडून आला म्हणून पोत खुलला असे सांगितले. तिसऱ्याने गोंदणाच्या रेषा आणि सुरकुत्यांच्या रेषा यांचा मेळ दाखविला. दहा मिनिटे चर्चा झाली. त्या दहा मिनिटांत ती बाई कोण, हा प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नाही. दुसऱ्या एका चित्रात म्हातारा होता, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्याची फार वाखाणणी झाली. त्या एका 'हायलाइट'ने चेहरा जिवंत केला आहे, असे मत पडले. माझ्याबरोबर एटापल्लीकडचा एक विद्यार्थी आला होता. तो हळूच म्हणाला, "सर, या बाबाच्या डोळ्यात फूल पडलं आहे." मी ते मोठ्याने सांगितले. जे डॉक्टर होते त्यांनी उठून चित्र जवळून पाहिले आणि मान हलविली. पण गुण आधीच देऊन झाले होते.

या प्रसंगात मला निर्दयतेपेक्षा एका सौंदर्यविचाराचा परिपाक दिसतो. बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आले. संवाद, विरोध आणि समतोल या तीन संबंधांनी लय सिद्ध होते आणि लय म्हणजे सौंदर्य, ही त्यातली मांडणी मराठीच्या दोन पिढ्यांनी पाठ केली. साहित्यात ती पुरी पडत नाही हे पुढे अनेकांनी दाखविले, कारण शब्दाला अर्थ चिकटलेला असतो आणि अर्थाला समाज. पण छायाचित्रकारांच्या बैठकीत ती मांडणी, मर्ढेकरांचे नावही न घेता, अजून राज्य करते. काळ्याला पांढऱ्याचा विरोध, डावीकडच्या डोईवरच्या मडक्याला उजवीकडच्या झाडाचा समतोल, रेषेशी रेषेचा संवाद. चित्रातला माणूस यात कोठे बसतो? तो एक आकार म्हणून बसतो. मडके आणि माणूस यांचे या हिशेबातले वजन सारखेच.

सुरकुत्या आल्या कशा? हा प्रश्न सौंदर्यबाह्य आहे असे मला सांगण्यात आले. मला तो सौंदर्याच्या आतला वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत या दोन जिल्ह्यांत तेंदूचा हंगाम चालतो. पहाटे जंगलात शिरायचे, पाने खुडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फडीवर नेऊन मोजून द्यायचा. अशा हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीमागे सत्तर हजार वेळा कोणाचा तरी हात फांदीकडे गेलेला असतो, आणि तो बहुधा बाईचा असतो. उन्हाकडे डोळे बारीक करून पाहण्यात चाळीस हंगाम गेले की चेहऱ्यावर जे उमटते त्याला आपले मंडळ 'पोत' म्हणते. हे माहीत असलेल्या माणसाला तो चेहरा अधिक सुंदर दिसेल की कमी? माझ्या मते अधिक. केवळ पोत पाहणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते, आणि तो अर्ध्याला पुरे गुण देतो.

आता कृष्णधवलाकडे येतो. एके काळी छायाचित्र कृष्णधवल असे कारण दुसरा इलाज नव्हता. आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा रंगच टिपतो, रंग काढून टाकणे हा निर्णय असतो. या निर्णयाने काय काय निघून जाते ते पाहिले पाहिजे. निळी नायलॉनची दोरी, हिरवी प्लास्टिकची बादली, मुलीच्या शाळेच्या गणवेशाचा रंग, तरुणाच्या टी-शर्टवरची जाहिरात, हे सारे करड्या रंगात बुडते. जे बुडत नाही ते चौकटीबाहेर ठेवले जाते : विजेचा खांब, मोटारसायकल, मोबाइल. उरते ते धुके, झोपडी, कवड्या-मण्यांच्या माळा आणि उघडे खांदे. परवाचे चित्र शंभर वर्षांपूर्वीचे वाटते, आणि नेमके हेच त्याचे यश समजले जाते. योहानेस फेबियन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात आपल्या शास्त्राला बोल लावला तो याच गोष्टीबद्दल : समोर बसलेल्या माणसाला आपल्याच काळात जगणारा म्हणून मानायचे नाही, त्याला मागच्या कुठल्या तरी काळात ढकलायचे. केंद्र सरकारने २००६ मध्ये आपल्या परिभाषेतून 'आदिम' हा शब्द काढून माडिया, कोलाम, कातकरी यांच्यासारख्या जमातींना 'विशेष असुरक्षित' म्हणायला सुरुवात केली. भिंतीवरच्या मथळ्यांत मात्र 'आदिम नजर', 'आदिम हास्य', 'आदिम वाट' असे तीन आदिम मी मोजले. असुरक्षित एकही नव्हता.

रंगाला राजकारण असते हे तर आपल्याला नव्याने सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्या तारखेला दर वर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो त्याचे एक कृष्णधवल चित्रही त्या भिंतीवर होते. त्यात हजारो माणसे होती आणि निळा रंग नव्हता. झेंडा करडा, कमान करडी, बायांच्या साड्या करड्या. गोंडी धर्माच्या सप्तरंगी ध्वजाचेही तसेच होईल. ज्या समाजाने एक रंग आपला म्हणून मिळवला त्याच्यावरून तो रंग पुसून टाकल्यावर उरते ती नुसती गर्दी. परीक्षकांनी 'मानवी लाटेचा आकृतिबंध' म्हणून त्या चित्राचे कौतुक केले.

त्वचेचा प्रश्न याहून तांत्रिक आहे, आणि म्हणूनच कोणी त्याकडे लक्ष देत नाही. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडी समजते. सावळा चेहरा आणि मागे उजळ आकाश असले की ते आकाशाला सांभाळते आणि चेहरा काळवंडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक प्लेट लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यामुळे तांबूस-तपकिरी कातडी होती त्याहून काळी उतरे. पुढे रंगीत छपाईचे प्रमाण ठरविण्यासाठी कोडॅक कंपनीने प्रयोगशाळांना जी कार्डे पुरविली त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. म्हणजे यंत्र निष्पक्ष नसते. पण सगळा दोष यंत्रावर टाकून भागणार नाही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी 'झोन' पद्धत बसविली आणि जी आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे, तिच्यात शून्य म्हणजे निव्वळ काळे आणि दहा म्हणजे निव्वळ पांढरे. गोऱ्या त्वचेची जागा सहावी, सावळ्या त्वचेची पाचवी. पाचवी म्हणजे बरोबर मध्य. ज्यांच्या ग्रंथांची पारायणे होतात त्यांनीही सावळा माणूस काळाकुट्ट दाखवा असे सांगितलेले नाही. तरी भिंतीवरचे बहुतेक माडिया चेहरे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उतरविलेले होते, डोळे आणि मणी चमकावेत म्हणून. याच मंडळींनी आपल्या घरातल्या लग्नाची चित्रे काढली असती तर नवरीचा चेहरा कोणत्या पायरीवर ठेवला असता, हे मी विचारले. हशा झाला. उत्तर मिळाले नाही.

या अभिरुचीला वंशावळ आहे. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड निघाले. तिसऱ्या खंडात गोंडांची छायाचित्रे आहेत. नृत्याच्या पोशाखातले मारिया गोंड, प्रवासाला निघालेले गोंड, आणि 'पायांच्या मागील भागावरचे गोंदण दाखविणाऱ्या गोंड स्त्रिया'. हा शेवटचा मथळा नीट वाचावा. त्यात बाई निमित्तमात्र आहे, मुख्य आहे तो पायाचा मागचा भाग. त्याआधी १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी भारतातल्या लोकांचे आठ खंडी छायाचित्र-दालन सरकारसाठी सिद्ध केले होते, तेही जातवार, जमातवार. मधल्या काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणसाला नमुना म्हणून पाहणारी नजर आणि माणसाला संशयित म्हणून नोंदविणारी नजर एकाच राज्ययंत्रणेच्या छत्राखाली वाढली. गडचिरोलीच्या आजच्या तरुणाला हे सांगावे लागत नाही. त्याचा फोटो कोणी मागितला की तो आधी विचारतो, कशाला?

पण परंपरा एकजिनसी नाही, आणि तशी ती मांडणे आळशीपणाचे होईल. पलीकडच्या आदिलाबादेत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात राजगोंडांची छायाचित्रे काढली. हा ऑस्ट्रियन माणूस महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबाद संस्थानात अडकला होता. कोमराम भीम १९४० मध्ये मारले गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांचा असंतोष समजून घ्यायचा होता, त्यातून त्यांचे हे काम वाढले. म्हणजे हेतूच्या मुळाशी सत्ता होतीच. तरीही ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाईत राहिले, गोंडी शिकले, गोंड शिक्षक घडविणारी शाळा तिथे सुरू झाली, आणि पुढे चाळीस वर्षे ते परत परत येत राहिले. बेट्टींचे दफन मारलवाईतच झाले. मुक्कामाने नजर आपोआप शुद्ध होते असे मी म्हणत नाही. पण एका सकाळीत सहा गावे उरकणाऱ्याला जे दिसणार नाही ते मुक्कामी माणसाला दिसते, आणि त्याला चूक सांगणारे शेजारी मिळतात.

सुनील जाना यांचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची चित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रातून छापली गेली आणि त्यांनी देशाला हलविले. तिथे भुकेला कारण होते, आणि चित्र त्या कारणाकडे बोट दाखवीत होते. हेच जाना पुढे व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या आदिवासी मुलखात हिंडले. कॅमेरा खाली, मागे मोकळे आकाश, तरुण देह शिल्पासारखे. चित्रे देखणी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांत सावकार नाही, जंगल खात्याचा नाकेदार नाही, वेठबिगार नाही. दुष्काळात ज्याला शोषण दिसले त्याला जंगलात ते का दिसू नये? याचे उत्तर एका माणसाच्या प्रामाणिकपणात शोधू नये. जंगल म्हटले की निष्पाप, इतिहासाबाहेरचे सुख, ही कल्पना डाव्या मनातही घट्ट रुतलेली होती. आमच्या भिंतीवरची चित्रे जानांच्या चित्रांची पातळ केलेली आवृत्ती आहेत. तिथे निदान आकाश तरी त्यांचे स्वतःचे होते.

स्पर्धांच्या नियमांतली एक गंमत येथे नोंदवितो. आंतरराष्ट्रीय सलॉनांमध्ये 'प्रवास' या विभागाची जी व्याख्या चालते तिचा आशय असा की, चित्राने प्रदेशाची वैशिष्ट्ये किंवा संस्कृती जशी सहज आढळते तशी दाखवावी, छायाचित्रणासाठी मुद्दाम घडवून आणलेले प्रसंग आणि भाड्याने उभी केलेली माणसे चालणार नाहीत. नियम उत्तम आहे. मग भर दुपारी, ना सण ना लग्न, ठेवणीतले दागिने घालून रांगेत रेला नाचणाऱ्या मुली 'सहज' कोठे आढळल्या? असा नाच कोणासाठी होतो, त्याचे पैसे किती मिळतात, ते कोणाच्या हातात पडतात, हे त्या बैठकीत सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये अंदमानातल्या जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचविल्याची चित्रफीत लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ने उजेडात आणली तेव्हा देशभर संताप झाला होता. संताप दूरच्या बेटाविषयी करणे सोपे जाते.

तर मग कृष्णधवल टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. आपली स्वतःची सगळ्यात मोलाची दृश्य-संपत्ती कृष्णधवलच आहे. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा नामदेव व्हटकरांनी स्वतःची पुंजी पणाला लावून तिचे चित्रीकरण केले. ते केले नसते तर त्या जनसागराची चालती-बोलती साक्ष आपल्याजवळ उरली नसती. मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी घेतलेली चित्रमालिका कृष्णधवल आहे. गटारात मानेपर्यंत उतरलेला माणूस तिथेही पोतासह आला आहे, पण पोतावर नजर थांबत नाही. ती गटाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शहराकडे जाते. तिथे रंग काढल्याने घाणीची किळस मागे पडते आणि काम पुढे येते, म्हणजे रंग काढण्याला कारण आहे. भामरागडच्या चित्रांत रंग काढण्याने काय पुढे येते, हे सांगा आणि खुशाल काढा.

आणि आणखी एक कृष्णधवल आहे ज्याची समीक्षा कोणी करीत नाही. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ. पडद्यावर रंगविलेला जिना किंवा बाग, पुढे एक खुर्ची. धर्मांतरानंतरच्या वर्षांत आपल्या वस्त्यांतली माणसे तिथे गेली. उसना का होईना कोट घातला, हातात पुस्तक घेतले, ज्याला वाचता येत नव्हते त्यानेही घेतले. आमच्या आजीचा असा एक फोटो घरात आहे. ती खुर्चीवर बसली आहे आणि आजोबा उभे आहेत, हे तिनेच ठरविले होते. कॅमेऱ्याकडे ती अशी पाहते की जणू फोटोवाल्याने पैसे परत करायचे आहेत. मंडळाच्या निकषांनी हे चित्र नापास आहे : उजेड सपाट, मांडणी ठोकळेबाज, पडदा खोटा. पण व्यक्तिचित्र म्हणजे ज्या व्यक्तीचे चित्र तिचाही त्यात हात असणे, असे मानले तर भिंतीवरच्या चाळीस चित्रांपेक्षा हे चित्र थोर ठरते. आज एटापल्लीचा मुलगा मोटारसायकलला टेकून, गॉगल लावून मित्राच्या मोबाइलवर जो फोटो काढून घेतो तो याच कुळातला. भडक रंगांचा, आणि त्याच्या स्वतःच्या मर्जीचा.

आदिवासी समाजाने आपले म्हणणे आपण मांडण्याला सुरुवात करून बराच काळ लोटला आहे. पहिले आदिवासी साहित्य संमेलन याच जिल्ह्यात, भद्रावतीला, १९७९ मध्ये भरले. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. दुःख एकाचे आणि व्यासपीठ दुसऱ्याचे, हा तिचा विषय. मेंढा-लेखाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूची वाहतूक आपल्या परवान्याने सुरू केली. ज्या ग्रामसभेची बांबू तोडण्यापूर्वी परवानगी लागते तिची माणसांचे चेहरे नेण्यापूर्वी का लागू नये? कायदा काय म्हणतो हा निराळा भाग. मी समीक्षेविषयी बोलतो आहे, आणि समीक्षेत हा प्रश्न पहिल्या रांगेत बसला पाहिजे. मी हेही जाणतो की माडिया मुलखात मीदेखील पाहुणा आहे. दलित म्हणून माझ्या वाट्याला आलेली वागणूक मला त्यांच्या वतीने बोलण्याचा मुखत्यारनामा देत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला डोळ्यातले फूल दिसले, मला दिसले नव्हते. समीक्षा-बैठकीत त्याची खुर्ची कायमची हवी, ती पाहुण्या विद्यार्थ्याची नको.

माझ्या या बोलण्यानंतर मंडळातल्या एका शिक्षकाने विचारले, "मग आम्ही करायचं तरी काय?" प्रश्न रास्त होता. मी सांगितले : नाव विचारा, आणि सांगायला तयार असेल तर मथळ्यात लिहा. नको म्हणाला तर चित्रही नको. छापलेली प्रत त्याच्या घरी पोचवा. ती त्याने भिंतीवर लावली की चुलीत घातली, ही तुमच्या चित्राची पहिली समीक्षा. दोघांनी हे करायचे कबूल केले. इतरांना ते व्यवहार्य वाटले नाही, गाव दूर पडते म्हणाले. चित्र काढायला जाताना ते तेवढेच दूर होते.

आपल्या वाचकांसाठी याहून जवळचे काम आहे. १९५६ च्या आगेमागे काढलेली छायाचित्रे चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी येथल्या घराघरांत पेटीच्या तळाशी पडली आहेत. दीक्षेची, समता सैनिक दलाची, पहिल्या बुद्धजयंतीची, स्टुडिओतली. वाळवी आणि ओल त्यांना खात आहे. त्यांतले चेहरे नावाने ओळखणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. ज्या कार्यकर्त्यांजवळ मोबाइल आहे त्यांनी चित्राची प्रत घ्यावी, पण आधी वही उघडावी. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, त्याचे गाव कोणते, तो पुढे काय झाला, हे आजी-आजोबांजवळ बसून लिहून घ्यावे. चित्र पुष्कळ दिवस टिकेल, सांगणारा टिकणार नाही. दिवाळीची सुट्टी जवळ आली आहे आणि विद्यार्थी गावी जाणार आहेत.